हजारात ६६७? शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत माणसं कशाने मरत होती

आकडेमोडे

१९२१ साली मुंबईत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे ६६७ बाळं वर्षाच्या आत गेली. हा आकडा कुठे ना कुठे वाचला असेलच, ढकलपत्रांतूनही अधूनमधून येत असतो. त्याच्याबरोबर घरातल्या खोल्यांप्रमाणे केलेली फोड असते, ती जास्त अंगावर येते. एका खोलीत राहणाऱ्यांत हजारी ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा जास्त खोल्या असतील तर १३३.

आता जरा थांबून बघा. हजारातली ८२८ बाळं खरोखर वर्षाच्या आत जात असतील, तर उरली १७२. त्यातलीही काही पुढे देवी, गोवर, हगवणीत जाणार. अशी वस्ती दोन पिढ्यांत संपायला हवी. लालबाग-परळ काही संपलं नाही. मग गडबड कुठे आहे?

माझ्या मते गडबड छेदात आहे. बालमृत्यू दर म्हणजे वर भागात मुंबईत मेलेली बाळं आणि खाली मुंबईत नोंदलेले जन्म. गिरणीत काम करणारा बहुसंख्य माणूस कोकणातला किंवा घाटावरचा. १९२१ च्या शिरगणतीत एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून अधिक लोक मुंबईत होते. त्यांच्या बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म गावात. चार-पाच महिन्यांचं मूल घेऊन बाई परत चाळीत. आणि मूल दगावलं तर नोंद मुंबईत.

समजा एका चाळीत वर्षाला १०० बाळंतपणं, निम्मी गावी झाली. मुंबईच्या दप्तरी ५० जन्म. इथे जन्मलेल्यांतली २० गेली आणि गावाहून आणलेल्यांतली २० गेली. सरकारी दर: ५० ला ४०, म्हणजे हजारी ८००. खरा दर: १०० ला ४०, म्हणजे हजारी ४००. (आकडे निव्वळ समजुतीसाठी घेतलेत, कोणी उचलून पुढे पाठवू नका.)

शिवाय खुद्द मुंबईत झालेले जन्मही सगळे नोंदले जात नव्हते. मृत्यूची नोंद मात्र चुकवणं अवघड, कारण प्रेत सोनापूरच्या स्मशानात न्या की कबरस्तानात, तिथे विचारणारा बसलेला असे.

चारशेसुद्धा भयंकरच आहे. पण ८२८ ला ‘शंभरातली ब्याऐंशी पोरं मरत’ असं वाचणं बरोबर नाही. इथल्या जुन्या मुंबईच्या जाणकारांचं काय म्हणणं?

---

सानिका_वाचते

बाप रे. खोल्यांची फोड पहिल्यांदाच पाहिली. +१, वाचतेय.

---

तांबडी_माती

आकडेमोडे साहेब, आमच्या घरातली गोष्ट तुमच्या गणितात चपखल बसते. पणजोबा लालबागला गिरणीत साच्यावर (मागावर) होते. पणजीची सगळी बाळंतपणं देवगड तालुक्यात माहेरी. बोटीने जायचं, बोटीने यायचं, पावसाळ्यात बोटी बंद म्हणून वैशाखाच्या आत निघायचं. त्यातली दोन मुलं चाळीत गेली असं आजी सांगायची. म्हणजे जन्म तुमच्या छेदात नाही, मरण मात्र तुमच्या अंशात.

पण उलटी बाजूही लिहा की. पणजोबा स्वतः खोकल्याने झिजले. रक्त पडायला लागलं तशी गिरणी सोडून गावी आले आणि गावीच गेले. आमच्या वाडीत त्या पिढीचे असे आणखी तिघे होते म्हणतात. ‘मुंबैचो खोकलो’ म्हणत त्याला. ही मरणं मुंबईच्या खात्यात कुठे?

---

आकडेमोडे

दादा, नेमकं बोललात. दुसऱ्या प्रतिसादात मी तेच लिहिणार होतो. बाळांच्या बाबतीत मुंबईचा आकडा फुगतो आणि मोठ्यांच्या बाबतीत आटतो. मृत्यूची वही प्रेत कुठे होतं ते सांगते, रोग कुठे लागला ते सांगत नाही.

आणि आणखी एक. मुंबईत तेव्हा हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे शहर भरलेलं कोणाचं? वीस ते चाळीस वयाच्या कमावत्या पुरुषांचं. या वयाची माणसं कुठेही कमीच मरतात. म्हातारे गावी, आजारी गावी, बरीचशी मुलं गावी. अशा शहराचा ढोबळ (सगळ्या वयांचा मिळून) मृत्युदर खेड्यापेक्षा बराच खाली असायला हवा. तसा तो नव्हता. दिसतो त्याहून परिस्थिती वाईट होती ती इथे.

---

रुग्णसेवक

पेशाने बालरोगवाला, इतिहास हौस म्हणून. बाळं कशाने जात, यावर थोडं.

त्या काळच्या नोंदींत अर्भकांसमोर लिहिलेली कारणं पाहिली तर ‘अशक्तपणा’, ‘आकडी’, ‘अपुऱ्या दिवसांचं’ आणि छातीचे विकार हीच पुन्हा पुन्हा येतात. यातली पहिली दोन म्हणजे निदान नव्हेच. बहुतेक मरणांना डॉक्टरचा दाखला नसे. नातेवाईक सांगतील ते कारकून लिही. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ दूध सोडून आखडायला लागलं की ती आकडी, आणि त्यातली बरीचशी धनुर्वाताची असणार. नाळ कापायला सुईण जे हाताला लागेल ते वापरी. घरच्यांच्या लेखी सटवीचा फेरा, वहीत आकडी, आणि आज आपण त्याला लसीने टाळतो.

छातीच्या विकारांचं कारण खोलीतच होतं. दहा बाय दहा-बारा फुटांची खोली, एकच दार, मागे खिडकी असली तर शेजारच्या चाळीच्या भिंतीवर उघडणारी. कोपऱ्यात मोरी. मोरीशेजारी चूल, लाकडं किंवा शेणी. पाहुणे धरून सात-आठ माणसं, शिवाय खानावळीचे गडी असले तर ते वेगळे. पावसाळ्यात ओले कपडे आतच. बाळ झोपवलेलं झोळीत, म्हणजे धूर जिथे साठतो त्या उंचीवर.

आणि अफू. गिरणीतल्या कामगारांत पाचातली एक बाई होती. बाळ कोणाकडे ठेवणार? म्हातारी असली तर म्हातारीकडे, नाहीतर शेजारणीकडे, आणि ते झोपून राहावं म्हणून बाळगोळी. १९२२ च्या सुमारास सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीतल्या बायकांची पाहणी केली. त्यांच्या अहवालात ९८ टक्के बाळांना अफू दिली जात असल्याचं आहे. अफूने भूक मरते, खोकला दबतो, बाळ अंगावर पीत नाही. मग ‘अशक्तपणा’.

आयांना दोष देण्याआधी गिरणीतल्या पाळीचे दहा तास आठवा. आणि १९२० च्या आधी तर दहाच्याही वर.

---

खडूस_गिरगावकर

म्हणजे एकूण काय, आकडे फुगीर होते, आया अफू देत होत्या, सुईणी अडाणी होत्या. सरकार बिचारं निर्दोष. छान चाललंय.

---

रुग्णसेवक

काका, वरचा शेवटचा परिच्छेद वाचलात का?

---

आकडेमोडे

गिरगावकर काका, उलट आहे. फुगीर आकडा सरकारच्या सोयीचा होता. दर वर्षी अहवाल लिहिणारा म्हणणार, ‘नोंदणी सदोष आहे, आकड्यावर जाऊ नका’, आणि विषय संपला. मी म्हणतोय, आकडा दुरुस्त करा आणि मग जाब विचारा. दुरुस्त केल्यावरही एका खोलीतलं बाळ आणि चार खोल्यांतलं बाळ यांच्यात प्रचंड अंतर उरतंच, आणि शहराच्या दोन तृतीयांश वस्तीच्या नशिबी एकच खोली होती.

---

खडूस_गिरगावकर

बरं. मान्य. पण प्लेगवर कोणी बोललंच नाही अजून. १८९६ पासून सुरुवात केल्याशिवाय १९२१ कळायचं नाही.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिल्यांदा गाठीचा ताप ओळखला. मूळचे गोव्याचे, हडफड्याचे. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, रोज हजारो लोक त्याच्या शेजारून बस पकडतात. मांडवी का? तर बंदर, धान्याची गोदामं आणि उंदीर. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत निम्म्याच्या आसपास मुंबई पळाली, चार लाखांच्या घरात माणसं.

लोकांनी केसेस दडवल्या, आणि दडवणारच. साथरोग कायदा १८९७ चा, त्याच वर्षी जनरल गेटेकरची प्लेग समिती. घराघरात शिरून झडती, बायकांच्या काखा-जांघा तपासणं, आजाऱ्याला ओढून आर्थर रोडच्या इस्पितळात नेणं, बाकीच्यांना छावणीत. मग कोणता शहाणा माणूस दारात ‘गाठ आलीय’ म्हणून सांगेल? मार्च १८९८ मध्ये जुलाह्यांच्या (विणकरांच्या) वस्तीत अशाच तपासणीवरून दंगल पेटली. परिणाम वहीत दिसतो. प्लेगच्या महिन्यांत ‘ताप’ आणि ‘छातीचा विकार’ यांची मरणंही उगाच वाढलेली. ती प्लेगचीच, दुसरं काय.

---

पुणेरी_पगडी

आणि पुण्यात २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडला...

---

खडूस_गिरगावकर

ते शाळेत झालंय आमचं. धागा मुंबईचा आहे.

---

आकडेमोडे

काकांच्या मुद्द्याला माझ्या छेदाची पुरवणी. १८९१ ला मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४. १९०१ ला ७,७६,००६. घटली? ती शिरगणती १ मार्चच्या रात्रीची, म्हणजे प्लेगच्या ऐन हंगामात. मुंबईत प्लेग दर वर्षी थंडी सरताना चढायचा आणि पाऊस पडला की उतरायचा. ज्यांना शक्य होतं ते त्या महिन्यांत गावी गेलेले किंवा उघड्या जागी पालं ठोकून राहिलेले. १९०६ ला पालिकेने वेगळी गणती केली तेव्हा निघाले ९,७७,८२२. पाच वर्षांत दोन लाख वाढले ते काही सगळे नव्याने आले नव्हते.

म्हणजे १९०१ ते १९०५ चे मृत्युदर ७ लाख ७६ हजारांनी भागलेले, आणि तितक्याच मरणांवर ते जास्त दिसतात. १९०६ नंतर दर उतरला, त्यातला काही भाग नुसता छेद बदलल्याचा. आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांच्या काळात सुधारणा झाली नाही असं नाही, पण किती झाली हे सांगताना हे वजा करायला हवं.

---

सानिका_वाचते

एक बाळबोध प्रश्न. उंदरांमुळे प्लेग होतो हे तेव्हा माहीत नव्हतं का? मग झडत्या माणसांच्या कशाला?

---

रुग्णसेवक

बाळबोध नाही, ताई. उंदीर आधी मरतात हे लोकांना माहीत होतं, उंदीर पडायला लागले की घर सोडायचं हा शहाणपणा जुनाच. पिसवेचा दुवा सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवला, पण बहुतेकांनी तो उडवून लावला. मुंबईत लिस्टन नावाच्या डॉक्टरने १९०४ च्या सुमारास पक्कं केलं, आणि तेही चाळीतच. एका चाळीत उंदीर मेले आणि थोड्याच दिवसांत माणसांना लागण झाली. त्याने त्या खोल्यांत गिनिपिग मोकळे सोडले. बाहेर काढून पाहिलं तर त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा. यजमान उंदीर मेला म्हणून पिसवा मिळेल त्या अंगावर चढल्या होत्या. मग १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत पद्धतशीर काम झालं. तीच जागा, जिथे हाफकिनची लस बनायची, आणि १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

हाफकिनने १० जानेवारी १८९७ ला ती लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, हे अवांतर.

---

फोर्टातला_कारकून

तापावरून आठवलं, हिवतापाचं प्रकरण कोणी घेतलं नाही. डॉ. बेंटली यांचा १९११ चा अहवाल. फोर्टासारख्या श्रीमंत, पक्क्या बांधणीच्या भागात हिवताप का, तर घराघरातल्या विहिरी. तानसा तलावाचं नळाचं पाणी १८९२ ला आलं तरी लोकांनी विहिरी ठेवल्याच होत्या, काही पूजेसाठी, काही सवयीने. त्या स्वच्छ पाण्यातच हिवतापाचा डास वाढत होता. पालिकेने विहिरी बुजवायला, झाकायला सुरुवात केली तेव्हा पारशी आणि हिंदू दोघांनी धर्माचं कारण पुढे करून विरोध केला.

सांगायचं हे की ज्या भागात बाळं सर्वात कमी मरत होती तिथेही लोक तापाने फणफणत होते. खोल्यांच्या संख्येने सगळं सुटत नाही.

---

तांबडी_माती

१९१८ च्या मानमोडीबद्दल, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीबद्दल, कोणी लिहील का? आमच्याकडे म्हातारी माणसं ‘मानमोडीच्या साली’ म्हणून जन्मसाल सांगायची, आता ती पिढी गेली.

---

आकडेमोडे

लिहितो. १० जून १९१८ ला पोलिसांच्या इस्पितळात सात शिपाई तापाने दाखल झाले, त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. जूनची लाट त्या मानाने सौम्य. सप्टेंबरात परतली ती खरी. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, महायुद्धामुळे धान्य आधीच महाग.

त्या साथीचे जातवार आकडे टर्नर यांनी दिले. इन्फ्लुएंझाने मेलेले, हजारी: युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, इतर हिंदू १८.९, आणि ज्यांना अहवाल ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणतो ते ६१.६. ताप एकच, हवा एकच. सफाई कामगार आणि गोदीतले हमाल कुठे राहत होते, काय खात होते, आणि आजारी पडल्यावर एक दिवसाची रजा कोणाला परवडत होती, ते या एका ओळीत आहे. इथे कोणी गावी जाऊन बाळंत झालं म्हणून आकडा फुगला असं म्हणण्याची सोय नाही. धडधाकट माणसं चार-पाच दिवसांत गेली, गावी जायला वेळच नव्हता. म्हणून मला वाटतं, त्या काळचं शहर समजून घ्यायचं तर ६६७ पेक्षा हा ६१.६ जास्त भरवशाचा.

---

पुणेरी_पगडी

हा मुद्दा मात्र पटला. पण मग १९२१ चा ६६७ पुढे उतरला की नाही? आणि कशामुळे?

---

रुग्णसेवक

उतरला. ते दशक संपताना हजारी ३०० च्या आसपास आला होता. कारणांवर भांडायला वाव आहे. प्लेग स्वतःहूनच विझत गेला. नायगाव, वरळी, डिलाइल रोड, शिवडीच्या बीडीडी चाळी त्याच दशकातल्या, पण तिथेही एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एकच खोली. वाडियांचं प्रसूतिगृह आणि केईएम इस्पितळ दोन्ही १९२६ चे, परळमध्येच. बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ ला झाला, देशातला पहिला. १९२८ मध्ये त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर विधिमंडळात बोलले होते.

माझा संशय असा की उतरणीचा एक भाग आकडेमोडेंच्या छेदाचाही आहे. प्रसूतिगृहं झाली तशी जास्त बाळंतपणं मुंबईत होऊ लागली, नोंदणी सुधारली, छेद वाढला. बाळं कमी मेली आणि जन्म जास्त नोंदले गेले, दोन्ही एकदम.

---

तांबडी_माती

मग पणजोबांसारख्यांचं काय? ते रत्नागिरी जिल्ह्याच्या आकड्यांत सापडतील का?

---

आकडेमोडे

अवघड आहे, दादा. गावात मृत्यूची नोंद पोलीस पाटील करायचा आणि कारणांचे रकाने मोजकेच: पटकी (कॉलरा), देवी, प्लेग, ताप, हगवण, छातीचे विकार, अपघात, इतर. दोन वर्षं झिजून मेलेला माणूस शेवटी तापातच जातो, म्हणून बहुधा ‘ताप’. मुंबईच्या वहीत तो नाहीच, आणि गावच्या वहीत क्षयाचा म्हणून नाही. १९१२ मध्ये मुंबईत क्षयाविरुद्ध लीग निघाली, तिच्यापुढेही अडचण हीच असणार. रोगी हाताशी येईपर्यंत त्याने गावची वाट धरलेली.

नाव, वय, तारीख मात्र मिळू शकेल. तहसील कचेरीत जुनी कोतवाल बुकं असतात, गाव नमुना १४. जातीच्या दाखल्यासाठी लोक नक्कल काढतात तीच. गाव आणि अंदाजे साल सांगून अर्ज करा.

---

तांबडी_माती

माझ्या चुलत्याने दाखल्यासाठी काढली होती नक्कल, पण ती जन्माची. मृत्यूची पानं कोणी मागत नाही म्हणून शिपाई शोधायलाच तयार नव्हता. गणपतीत गावी जाईन तेव्हा बघतो. पानं मोडीत आहेत. इथे मोडी वाचणारं कोणी आहे का?

---

सानिका_वाचते

मी शिकतेय, मोडी. फोटो काढून आणा, लावून बघू. तारखेच्या पुढची दोन-तीन वर्षंही काढा, म्हणजे वाडीतले बाकीचे तिघेही सापडतील.